यादीत नसलेलं नाव

आमच्या बॅरेकमध्ये सगळ्यात जवळचं घर माझं होतं, आणि म्हणूनच माझी कुणाला कीव येत नसे. बाकीची मुलं दोन-दोन दिवस रेल्वेत बसून नाशिक रोडला उतरली होती. कुणी ओरिसातला, कुणी गढवालातला, कुणी पार तमिळनाडूतला. मी सुरगाण्याच्या डोंगरातून एसटीने आलो होतो. सकाळची पहिली गाडी धरली तर दुपारच्या जेवणाला माणूस नाशकात पोचतो. आम्हाला कवायत शिकवणाऱ्या हवालदारांना सगळे उस्ताद म्हणायचे. ते गढवालचे. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला गाव विचारलं. माझं ऐकून म्हणाले, "तू तो घर में ही भरती हुआ है." सगळे हसले. त्यानंतर मला घराबद्दल कुणी काही विचारलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एकोणीस वर्षांचा. गावातला एक मित्र भरतीला निघाला होता, त्याला सोबत म्हणून मी गेलो. तो छातीच्या मापात बाद झाला आणि मी पळण्यात पहिल्या दहात आलो. डोंगरात वाढलेल्या मुलाला सपाट मैदानावर पळणं म्हणजे काहीच नाही. घरी सांगितलं तेव्हा बा भाताला पाणी लावत होता. त्याने फावडं खाली ठेवलं नाही. एवढंच विचारलं, "परत कधी येशील?"

"दिवाळीला," मी म्हणालो. नव्या रंगरूटाला दिवाळीची सुट्टी नसते हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

घरात बा, आई आणि माझ्याहून सहा वर्षांनी लहान बहीण. डोंगराच्या उतारावर थोडं भात, थोडी नागली, म्हणजे नाचणी. तेवढ्यावर वर्ष निघत नाही, म्हणून भात झोडून झालं की आमच्याकडची माणसं देशावर द्राक्षबागांच्या कामाला जातात आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सुमारास परततात. बा आणि आई दर वर्षी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका बागेवर जायचे. बहीण आश्रमशाळेत राहायची, सातवीत होती. आई-बाला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी गेल्यावर घरात अक्षर ओळखणारी ती एकटीच उरली.

तेव्हा ठरलं ते असं. मी पत्र आश्रमशाळेच्या पत्त्यावर टाकायचं. शनिवारी ती घरी जाईल तेव्हा वाचून दाखवेल, आणि आई-बा बोलतील ते लिहून घेऊन सोमवारी पेटीत टाकेल.

डाक संध्याकाळच्या हजेरीनंतर वाटली जायची. आम्ही ओळीत उभे, समोर उस्ताद पत्रांचा गठ्ठा घेऊन. ते नाव पुकारायचे, मुलगा पळत जायचा, सलाम ठोकून पत्र घ्यायचा. माझं नाव पुकारलं की मला दर वेळी क्षणभर उशीर व्हायचा. ते माझं शाळेतलं नाव. पहिलीत घालताना मास्तरांनी आमच्या पाड्यावरच्या सगळ्या मुलांची घरची नावं बदलून वेगळी लिहिली होती. दाखल्यावर ते नाव, म्हणून फौजेतही ते नाव. घरी मात्र जन्मापासून दुसऱ्याच नावाने हाक मारत. आईला तर माझं शाळेतलं नाव धड उच्चारताही येत नसे.

बहिणीचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी ते लगेच वाचलं नाही. सगळ्यांचं वाचून होऊ दिलं, मग कॉटवर बसून उघडलं. तिने प्रत्येकाचं बोलणं जसंच्या तसं लिहिलं होतं. "आई म्हणते, तिथं भात मिळतो का नुसत्या पोळ्याच. बा म्हणतो, बंदूक दिली का अजून. आई म्हणते, त्याला विचार, आंघोळीला ऊन पाणी असतं का. बा म्हणतो, ते काय विचारायचं, पुढचं लिही. मी म्हणते, टोपी घातलेला फोटो पाठव." पत्र वाचताना मी घरात बसल्यासारखा होतो. घडी घालून ठेवल्यावर बॅरेक आधीपेक्षा मोठी आणि रिकामी वाटली, जरी तिथे चाळीस जण होतो.

आमची बोली बोलणारं तिथे कुणी नव्हतं. साताऱ्याकडची दोन मुलं होती, पण त्यांना माझं मराठी ऐकून हसू यायचं. वाईट नव्हती ती, पण मी "तठं", "कठं" म्हणालो की एकमेकांकडे बघायची. मग मी त्यांच्याशीही हिंदीतच बोलू लागलो. दिवस कवायतीत जायचा. पहाटे पळणं, मग परेड, मग वर्ग, मग पुन्हा मैदान. पळताना लांबवर एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायच्या. त्यांचा धूर ज्या बाजूला जाई त्यावरून मी वारा कुठला ते ओळखायचो आणि आमच्या डोंगराकडे चाललाय का ते बघायचो. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

शेजारच्या कॉटवर ओरिसाचा एक मुलगा होता. समुद्राकाठच्या गावचा, काळासावळा, फार हळू बोलणारा. त्याचं लग्न झालेलं होतं. बायकोचं पत्र त्याला पोचायला दोन आठवडे लागायचे, तरी दर आठवड्याला एक यायचंच. तो मला विचारायचा, "तुम्हारे घर से कोई मिलने क्यों नहीं आता? इतना पास है." रविवारी दुपारी नातेवाइकांना गेटजवळच्या शेडमध्ये भेटता यायचं. मी म्हणायचो, "खेती का काम है." खरं म्हणजे मीच त्यांना येऊ नका असं लिहिलं होतं. पहिले काही आठवडे माझे पाय सोलून निघाले होते आणि डोकं भादरलेलं होतं. तशा अवस्थेत आईने मला बघू नये असं वाटत होतं.

दिवाळी बॅरेकमध्येच गेली. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या भटारखान्यात, शिरा झाला. भात झोडून झाल्यावर आई-बा बागेवर गेले. बहिणीने लिहिलं, "आता ते दोघं इथं नाहीत. पण तू विचारशील म्हणून त्यांचं बोलणं मी मनानेच लिहिते. आई म्हणत असेल, थंडी वाढली, कान बांधत जा. बा म्हणत असेल, साहेब लोकांशी नीट राहा." पुढची तीन-चार पत्रं तशीच आली. त्यात आई-बा बोलत असत, पण ते बोलणं तिचं असे. मी त्यांनाही उत्तरं लिहायचो. "आईला सांग, कान बांधतो."

संक्रांतीच्या आसपास पत्रं थांबली. एक आठवडा गेला, दोन गेले. हजेरीनंतर उस्ताद गठ्ठा संपेपर्यंत नावं वाचायचे आणि मी शेवटचं पत्र जाईपर्यंत ताठ उभा राहायचो. तिसऱ्या आठवड्यात गढवाली उस्ताद स्वतःहून म्हणाले, "तेरा नहीं है." मला ते बरं वाटलं नाही. म्हणजे माझं वाट बघणं त्यांना दिसत होतं.

त्याच सुमाराचा एक रविवार. मी धोबीघाटावर कपडे धूत होतो. धोबीघाट म्हणजे नळांची एक लांब रांग आणि दगडी कट्टे. तिथून गेट दिसत नाही, मधे झाडांची ओळ आहे, पण अंतर शे-दीडशे पावलांचं. ओरिसाच्या मित्राला आणि आणखी तिघांना गेटजवळचे दगड चुन्याने आणि गेरूने रंगवायला पाठवलं होतं. तो परतला तो हाताला चुना, आणि रुमालात द्राक्षांचा एक मोठा घड.

"कहाँ से लाया?"

"एक बाबा ने दिया. बूढ़ा आदमी. बाहर पेड़ के नीचे बैठा था."

त्याने अर्धा घड तोडून मला दिला. आम्ही कट्ट्यावर बसून खाल्ली. हिरवी, लांबट, हंगामाच्या सुरुवातीची, अजून थोडी आंबट. मी म्हणालो, "आठ दिन जल्दी तोड़ लिए." बागेत राहिलेला असल्यामुळे मला ते कळायचं. बिया नव्हत्याच, उरलेल्या देठांची काडी मी नळाच्या पन्हाळीत टाकली आणि पुन्हा कपडे घासू लागलो.

बहिणीचं पत्र त्यानंतर दहा-बारा दिवसांनी आलं.

"दादा, बा तुला भेटायला आला होता. रविवारी मालकाचा टेम्पो नाशिक रोडला माल घेऊन येणार होता, त्यात बसून आला. गेटवरच्या माणसाला तुझं नाव सांगितलं. त्याने वहीत पाहिलं आणि असा कुणी इथं नाही म्हणाला. बाने तुझं घरचं नाव सांगितलं होतं. त्याला दुसरं आठवलंच नाही. टेम्पो परत येईपर्यंत तो झाडाखाली बसला. तू कुठं तरी दिसशील असं त्याला वाटलं. दिसला नाहीस. बा म्हणतो, तुला हे लिहायचं नाही, तरी मी लिहिते आहे."

मी पत्र घेऊन मित्राच्या कॉटवर गेलो. तो बूट पॉलिश करत होता. मी विचारलं, "वो बूढ़ा कैसा था?"

"कौन?"

"अंगूरवाला."

त्याने आठवून सांगितलं. बुटका, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. "एक चप्पल तार से बँधी थी."

ती तार बांधताना मीच चप्पल धरली होती.

मी त्याला पत्रात काय आहे ते सांगितलं. त्याने ब्रश बाजूला ठेवला. मग म्हणाला, "वो कुछ पूछ रहा था मुझसे. मैं समझा नहीं. फिर उसने मेरे सिर पर हाथ रखा और अंगूर दे दिया." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "मैं समझा नहीं, भाई."

त्याची चूक नव्हती. पहारेकऱ्याचीही नव्हती, त्याने यादीत पाहिलं, नाव नव्हतं. मी तोंड धुवायला म्हणून बाहेर गेलो आणि धोबीघाटावर जाऊन उभा राहिलो. तिथून गेट दिसत नाही हे मला माहीत होतं. तरी पाहिलं. बा त्या झाडाखाली बसला होता तेव्हा मी इथे साबण लावत होतो, आणि त्याने आणलेली द्राक्षं आंबट आहेत म्हणत होतो.

पत्र पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली. बा येऊन गेला, तो काय म्हणाला, हे बहिणीला कसं कळलं? ती तर आश्रमशाळेत. मी पत्र उलटं केलं. पोस्टाचा शिक्का पिंपळगाव बसवंतचा होता. खाली एका कोपऱ्यात तिने बागमालकाचा फोन नंबर लिहिला होता, पुढे "पीपी". म्हणजे फोन मालकाचा, पण निरोप देऊन बोलावतील.

आमच्या आवारात एसटीडीचं एकच बूथ होतं. रविवारी सकाळी तिथे मोठी रांग लागायची आणि मागचा पुढच्याला तीन मिनिटांच्या वर बोलू देत नसे. माझा नंबर लागला. मालकीणबाईंनी फोन उचलला. मी कोण ते सांगितलं.

"हो का? फौजी का तू? थांब, शेडवर आहेत ती, बोलावणं पाठवते. थोड्या वेळाने कर."

मी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. दुसऱ्यांदा आत जाईपर्यंत तास गेला. या वेळी घंटी पुरती वाजायच्या आत फोन उचलला गेला.

"दादा?" बहिणीचा आवाज.

"शाळेतून कधी आलीस?"

"तू बरा हायस ना?" तिने विचारलं.

"आईला दे."

"आईला फोन धरता येत नाय. हात दुखतोय."

"कुठला हात?"

"उजवा," ती म्हणाली, आणि मग एकदम सगळं सांगून टाकलं. पॅकिंगच्या शेडमध्ये द्राक्षांचा क्रेट उचलताना आईचा पाय घसरला. मनगट मोडलं. प्लास्टर घातलंय. संक्रांतीच्या आधीची गोष्ट. "मग बानं मला आणलं. सैपाक कोण करंल? आणि आईच्या जागी खुडायला माणूस पायजे ना."

"मला का नाय लिहिलंस?"

"बा म्हनला, कळलं तर तू पळून येशील. तठून पळालं तर पोलीस धरत्यात म्हनं."

मागच्या मुलाने काचेवर बोट वाजवलं. मी म्हणालो, "आईच्या कानाला लाव."

नुसता श्वास ऐकू आला. बहीण हळूच म्हणत होती, "आई, बोल ना, तोच हाय."

"काय बोलू?" आई म्हणाली. "दिसत तर नाय तो." मग मला म्हणाली, "जेवलास का?"

सकाळचे अकरा वाजले होते. "जेवलो," मी म्हणालो.

"बरं."

आणि फोन बहिणीकडे गेला, आणि वेळ संपला.

त्या दिवशी मी हिंदीत अर्ज लिहिला. आईचा हात मोडला आहे, बहिणीची शाळा सुटली आहे, मला नोकरीतून सोडावं. जमेल तसा लिहिला आणि सोमवारी उस्तादांच्या हातात दिला. त्यांनी तिथेच उभ्याउभ्या वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "परेड पे चल."

तीन दिवस ते काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी विश्रांतीच्या वेळी त्यांनी मला बाजूला बोलावलं. बहीण कितवीत आहे, विचारलं. आईला बघणारं कोण आहे, विचारलं. मग मैदानाकडे बघत सांगितलं, की ते स्वतः ट्रेनिंगमध्ये असताना त्यांची आई वारली. पत्र पोचलं तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. एवढंच सांगितलं. त्यातून मी काय घ्यावं हे सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "छुट्टी को तीन हफ्ते हैं. घर जा, देख के आ. फिर भी छोड़ना हो तो मैं खुद साहब के पास ले जाऊँगा."

अर्ज त्यांच्या खिशातच राहिला.

ट्रेनिंगच्या मधल्या सुट्टीला बाकीची मुलं ट्रंका घेऊन स्टेशनकडे गेली. मी एका पिशवीनिशी नाशिकला आलो आणि पिंपळगावच्या बसमध्ये बसलो. हायवेवर उतरून बागेपर्यंत चालत गेलो. द्राक्षाच्या दोन प्लॉटच्या मधे पत्र्याची शेड, तिथे आमची माणसं राहत होती. आई बाहेर बसून डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. मला येताना पाहून ती उठली आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून बाजूला उभी राहिली. कुणी साहेब आहे असं तिला वाटलं.

"आई, मी."

तिने पदर तसाच धरून माझ्या डोक्याकडे पाहिलं. "केस कठं गेले?" म्हणाली, आणि मग तिला रडू आलं.

बहीण बागेतून धावत आली. तिची बोटं द्राक्षाच्या चिकाने काळी पडली होती आणि अंगठ्याला कात्रीचे काप होते. तेरा वर्षांची मुलगी, पण दिवसभर वाकून क्रेट भरल्यामुळे चालताना बायकांसारखी कमरेवर हात ठेवायची. मी तिच्याकडे बघतोय हे कळल्यावर तिने हात मागे घेतले.

ती सुट्टी मी ज्या सुट्टीची वाट बघत होतो तशी झाली नाही. मला त्यांनी पाहुण्यासारखं ठेवलं. शेडमध्ये एकच खाट होती, ती मला. आंघोळीला आई एका हाताने पाणी तापवायची. मी खुडायला गेलो तर बा म्हणायचा, "तू बस, तुझी सुट्टी हाय." सवयीने पहाटे चारला जाग यायची, आणि करायला काही नसायचं. उलट्या क्रेटवर बसून मी सगळे उठायची वाट बघायचो. मी बॅरेकमधलं काही सांगायला लागलो की अर्धे शब्द हिंदीतले यायचे, ते समजावून सांगेपर्यंत गोष्टीतली मजा जायची. आणि त्यांचं हसणं बागेतल्या गोष्टींवरचं, कोण मुकादम कसा चालतो, कुणाची टोपी वाऱ्याने तारेत अडकली. ते मला कळायचं नाही. ज्यांच्यासाठी मी नोकरी सोडायला निघालो होतो, त्यांच्यात बसून मला पुन्हा एकटं वाटत होतं. याची लाज वाटली, पण तसं होतं खरं.

एका संध्याकाळी बाला मी बहिणीच्या शाळेचं विचारलं.

"यंदाचं वर्ष तर गेलं," तो म्हणाला. "मला काय आवडलं का ते? पण काय करतो."

"जूनला परत घालायची."

"घालू. पण तू तठलं पुरं कर आधी. मधून आलास तर दोघांचंबी गेलं."

एवढंच बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी मी एसटीने आश्रमशाळेत जाऊन आलो. मुख्याध्यापक म्हणाले, जूनमध्ये आणा, पुन्हा सातवीत बसवू.

निघायच्या आदल्या दिवशी मी बाला माझं शाळेतलं नाव, नंबर आणि कंपनी शिकवली. कागद दिला होता, पण कागद दाखवण्यापेक्षा तोंडाने सांगता यावं असं त्यालाच वाटत होतं. तो क्रेट उचलताना नंबर पुटपुटायचा. मधले दोन आकडे उलटे व्हायचे. बहीण दुसऱ्या ओळीतून ओरडून दुरुस्त करायची.

उन्हाळ्याच्या शेवटी आमची कसम परेड झाली. ट्रेनिंग संपल्यावर शपथ घ्यायची ती परेड, तिला घरच्यांना बोलावतात. आई आणि बहीण आल्या नाहीत. सगळे बागेवरून डोंगरात परतले होते आणि भाताची रोपं टाकायची जागा भाजायचं काम चालू होतं. बा एकटा आला, धुतलेल्या सदऱ्यात. गेटवर त्याने सगळं बिनचूक सांगितलं. पहारेकऱ्याने यादीत बोट फिरवलं आणि त्याला आत सोडलं.

परेड संपल्यावर मैदानावर गर्दी झाली. सगळे एकसारखे कपडे, एकसारख्या टोप्या. मी बाला शोधत होतो. कुणीतरी मागून माझं शाळेतलं नाव घेऊन हाक मारली. मला वाटलं उस्ताद आहेत, मी टाच जोडून वळलो. बा उभा होता.

"हेच ना नाव?" तो म्हणाला.

"हो."

"म्हंजी बरोबर बोललो मी."

ओरिसाच्या मित्राकडून कुणी येऊ शकलं नव्हतं. तो जवळच उभा होता. त्याने येऊन बाच्या पायाला हात लावला. बाने त्याला ओळखलं. दोघांना एकमेकांची भाषा अजूनही येत नव्हती. मी मधे उभा राहून एकाचं दुसऱ्याला सांगत होतो, पण सांगण्यासारखं फार काही नव्हतं. "बरा हाय का, विचार त्याला." "अच्छा हूँ, बोलो."

त्या दिवसापासून बाने मला घरच्या नावाने कधी हाक मारली नाही. चारचौघांत मुलाचं खरं नाव घ्यावं असं त्याने ठरवून टाकलं असावं. मी एकदा म्हणालो, पूर्वीसारखं म्हणत जा. तो म्हणाला, "सरकारात जे नाव हाय, तेच नीट." आई मात्र जुनंच नाव घेत राहिली.

माझी पहिली नेमणूक उत्तरेत, हिमाचल प्रदेशाच्याही पलीकडे झाली. बहीण जूनमध्ये पुन्हा सातवीत बसली, तिच्याहून लहान मुलींबरोबर. दहावी झाली, मग नर्सिंगचं शिकली, आता आमच्याच भागात एका उपकेंद्रात काम करते. आईचं मनगट थोडं वाकडंच जुळलं. गावातल्या टेकडीवर मोबाईलला रेंज यायला लागली तेव्हा मी नोकरीची आठ-नऊ वर्षं पुरी केली होती. पत्रं मागे पडली.

बरीच वर्षं मला वाटायचं, त्या वर्षातला एकटा माणूस मीच. मागे एकदा सुट्टीवर असताना बहिणीच्या क्वार्टरवर गेलो होतो. ती कामावरून आली होती, चहा टाकत होती. मी म्हणालो, "तुझं एक वर्ष माझ्यामुळे गेलं."

"तुझ्यामुळे कशाला? आईच्या हातामुळे गेलं." ती साखर शोधत होती. "वर्षाचं नाही रे वाटत काही. पण बागेवर माझ्या वयाचं कुणी नव्हतं. बायका आपसात बोलायच्या, मला काम सांगायच्या, बस. दिवसभरात मी तोंड उघडायची ते तुला पत्र लिहिताना."

"पण त्या महिन्यात तर पत्रं थांबली होती," मी म्हणालो.

"लिहिली होती. टाकली नाहीत. सगळ्यात आईच्या हाताचं लिहून जायचं, मग बा वाचून दाखव म्हणेल म्हणून चुलीत घालायची. लिहायची मात्र रोज."

तिने कप माझ्यासमोर ठेवला. बाहेर कुणी पेशंट आलं म्हणून तिला हाक मारली, आणि ती पदराला हात पुसत गेली. मी चहा पीत बसून राहिलो. तिने काय काय लिहिलं असेल, ते मला विचारायचं होतं, पण ती परत आली तेव्हा तिला घाई होती.